टाइपरायटरची रिबीन

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी भाचा आला होता. कॉलेजात जातो आता. त्याला ‘रेसिडेंट ईव्हिल २’ हा भीतीचा व्हिडिओ गेम, म्हणजे जुन्या दुसऱ्या भागाचं २०१९ सालचं नवं रूप, खेळायला दिला आणि शेजारी बसलो. काय दिसतो रे तो गेम! पण पठ्ठ्या तीनदा मेला आणि तिन्ही वेळा थोडंसंच मागून पुन्हा सुरू झाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मला एकदम तुमची माडी आठवली.

या मालिकेतला १९९६ चा पहिला गेम आपण तिथे खेळलो. जेवणघराशेजारच्या बोळात तो पहिला झाँबी, चालतं-फिरतं मढं, पाठमोरा बसलेला, आणि मग सावकाश मान वळवून आपल्याकडे बघतो. तू माझं मनगट धरलं होतंस. कॅमेरा भिंतीच्या कोपऱ्यात खिळलेला. वळणापलीकडे पावलं घासत येतायत हे ऐकू यायचं, दिसायचं मात्र काही नाही. खोल्या म्हणजे आधीच करून ठेवलेली चित्रं होती, म्हणून कॅमेरा हलायचा नाही. यंत्राची ती अडचण आपल्या छातीत धडधडायची.

आणि रिबीन! खेळ सेव्ह करायचा, म्हणजे तिथवरचा जपून ठेवायचा, तो गेममधल्या टाइपरायटरवर; पण टाइपरायटर सापडला तरी रिबीन असल्याशिवाय सेव्ह नाही. एकच उरली होती, तू म्हणालास, ‘आत्ता नको, पुढे लागेल.’ पाच मिनिटांत भारनियमनाची वीज गेली. दोन तासांचा खेळ गेला. अंधारात आपण दोघं कितीतरी वेळ काही बोललो नाही.

२००५ मध्ये चौथ्या भागाने कॅमेरा खांद्यामागे आणला. तो गेम अप्रतिमच आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण समोरचं स्वच्छ दिसायला लागलं, मारलेल्या शत्रूंकडून गोळ्या मिळायला लागल्या, बंदुका विकणारा व्यापारीही आला. भीतीची जागा झटापटीने घेतली. २०१२ च्या सहाव्यात तर नुसता धूमधडाका. २०१७ ला सातव्या भागाने पुन्हा एका कुबट घरात कोंडलं, मोजक्या गोळ्या दिल्या, तेव्हा मी दिवा लावून झोपलो होतो.

म्हणून नवेपणावर माझा राग नाही. भाच्याच्या त्या गेममध्येही वरच्या मजल्यावरून मिस्टर एक्सची, पाठलाग करणाऱ्या त्या धिप्पाड राक्षसाची, जड पावलं वाजू लागली, तेव्हा त्याचा हात थबकलाच. ‘सायलेंट हिल’ या दुसऱ्या भीतीच्या गेममधलं धुकं १९९९ मध्ये यंत्राला लांबचं रेखाटता येत नव्हतं ते झाकायला होतं. त्याच्याच दुसऱ्या भागाच्या २०२४ च्या नव्या रूपात यंत्र समर्थ असूनही धुकं ठेवलं, याचा मला फार आनंद झाला. पण चूक महाग पडत नसेल, तर कॅमेरा कुठेही ठेवा, पोटात गोळा येत नाही.

शेवटी भाच्याला मी त्याच गेमचा ‘हार्डकोर’ हा अवघड प्रकार लावून दिला. त्यात आपोआप सेव्ह होत नाही, रिबीन लागते. तासाभराने पाहिलं तर खोलीतला पंखा बंद केलेला, पावलं नीट ऐकू यावीत म्हणून. खिशात एक रिबीन, समोर टाइपरायटर, आणि तो मला विचारतोय, ‘मामा, आत्ता वापरू का?’

दिवाळीत ये. तो पण येणार आहे.

तुझा,
अविनाश