‘बेंगावान सोलो’ हे मुळात चित्रपटगीत नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील लेखात ‘बेंगावान सोलो’ला इंडोनेशियन चित्रपटगीत म्हटले आहे. चूक समजण्यासारखी आहे. हाँगकाँगचे दिग्दर्शक वाँग कार-वाई यांच्या २००० सालच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’मध्ये हे गाणे रेबेका पान यांच्या आवाजात वाजते आणि त्यातली घरमालकीण मिसेस सुएनही त्याच झाल्या आहेत. पण गाणे त्या चित्रपटाच्या ६० वर्षे आधीचे. मध्य जावातील सुराकार्ताच्या, म्हणजे सोलो शहराच्या, गेसांग मार्तोहार्तोनो यांनी ते १९४० मध्ये रचले. त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी येत नव्हती. १, २, ३ अशा आकड्यांत ते चाल टिपत. जपानी सैन्याच्या ताब्यातील जावात हे गाणे सैनिकांच्या कानी पडले, युद्धानंतर तोशी मात्सुदा यांनी जपानीत गायले. पुढे कोणकोणत्या भाषांत गेले याची मोजदाद नको.

बेंगावान म्हणजे मोठी नदी. उन्हाळ्यात पाणी फारसे नाही, पावसाळ्यात दूरवर पसरते, असे गेसांग सांगतात. कन्हान पाहिलेल्याला वेगळा अर्थ सांगावा लागणार नाही.

हे गाणे नागपूरच्या वाद्यवृंदांनी बसवावे, अशी लेखाची सूचना चांगली आहे. मात्र आमची एकच विनंती: ढोलक-तबला घरी ठेवा. मोह होणारच, कारण हिशेब चोख जुळतो. गाणे ‘लांगाम क्रोंचोंग’ प्रकारचे (क्रोंचोंग म्हणजे इंडोनेशियातील तंतुवाद्यांवरचे लोकप्रिय संगीत), ३२ बारचे, प्रत्येक बार ४ मात्रांचा. एकूण १२८ मात्रा, म्हणजे आठ मात्रांच्या केरव्याची १६ आवर्तने. पण क्रोंचोंगमध्ये ठेका धरतो तो चेलो, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातले मोठे वाद्य. तो गजाने नव्हे, बोटांनी छेडतात आणि बहुधा तीनच तारा ठेवून जावाच्या ढोलासारखा वाजवतात. त्यावर ढोलक आला की दोन ढोल एकमेकांवर आदळतात आणि नदी थांबते.

वाहतेपणा येतो तो दोन युकुलेल्यांमधून, म्हणजे गिटारसारख्या छोट्या वाद्यांमधून. ‘चुक’ नायलॉनच्या तारांचा. तो स्वर एकेक सुटा छेडतो. ‘चाक’ पोलादी तारांचा. तो मधल्या रिकाम्या जागांत झणझणतो. दोघे एकाच मात्रेवर आले की गोधडी शिवल्यासारखे वाजते, एकमेकांच्या फटीत बसले तरच पाणी. नव्या आवृत्त्यांत बहुतेक वेळा हेच जाते: गिटार सरसकट घासतात, वर कीबोर्डवरची व्हायोलिने. ऐकायला गोड, पण बैठक वेगळीच.

आपल्याकडे चुकसाठी साधा युकुलेले चालेल. ए स्वराची तार काढा, उरलेल्या तीन जी-बी-ई लावा. गिटारच्या बारीक तीन तारांचे हेच स्वर, फक्त जी एक सप्तक वर, त्यामुळे गिटारवाल्याला बोटे नव्याने शिकावी लागत नाहीत. चाकसाठी जुन्या हिंदी गाण्यांतले मॅन्डोलिन उत्तम. चेलो मिळाला नाही, तर गिटारच्या जाड तारा तळव्याने दाबून छेडाव्यात. बासरी आणि व्हायोलिन हवेच, पण गायकाच्या मागोमाग नकोत. त्यांनी ओळीच्या शेवटाची जागा भरावी.

सगळ्यात जास्त घोटाळा गाण्याच्या ८-८ बारच्या चार भागांपैकी तिसऱ्यात होतो. सी स्वरात गात असाल तर इथे साथ एफ कॉर्डवर जाते, मग सी, मग डी, मग जी. प्रत्येकी साधारण २ बार. यातला डी मेजर हवा, म्हणजे त्यात तीव्र मध्यम. हार्मोनियमवाले सगळे शुद्ध स्वरांचा बिलावल समजून शुद्ध मध्यम धरतात, डी मायनर होतो आणि जीवर पोहोचण्याची ओढच नाहीशी होते. पट्टीवर एका काळ्या पट्टीचा प्रश्न आहे, पण चुकला की सबंध भाग बसका वाटतो.

गायकासाठी एवढेच: जावात याला ‘ङ्गान्दुल’ म्हणतात, लोंबकळणे. शब्द मात्रेच्या किंचित मागे टाकायचा, साथीने मात्र हलायचे नाही. गायक मागे राहिला म्हणून साथीने लय ओढली की दोन कडव्यांत गाणे आळसावते. आणि तालमीआधी ऐकायचे असेल, तर रेबेका पान यांची इंग्रजी आवृत्ती बाजूला ठेवून गेसांग यांच्या स्वतःच्या आवाजातले ध्वनिमुद्रण लावावे.

आपले,
वाद्यवृंदातील काही वादक, नागपूर