अरेंजरचे नावही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका पॉप गायिकेने नव्या संयोजनात म्हटलेल्या ‘फ्लाय मी टू द मून’चे परीक्षण आले आहे. त्यात ‘मूळ गाण्याची मोडतोड’ असा शेरा आहे आणि मूळ म्हणजे फ्रँक सिनात्राचे गाणे, असे गृहीत धरले आहे. गायिकेची बाजू घेण्यासाठी हे पत्र नाही. नव्या संयोजनात खरोखर काही ठिकाणी घोळ होतात, पण ते कुठे होतात हे त्या शेऱ्यावरून कळत नाही, आणि अरेंजरचे, म्हणजे गाणे वाद्यांसाठी नव्याने बसवणाऱ्याचे, नावही परीक्षणात नाही.

आधी ‘मूळ’ म्हणजे काय ते पाहू. बार्ट हॉवर्ड यांनी 1954 मध्ये हे गाणे लिहिले तेव्हा त्याचे नाव ‘इन अदर वर्ड्स’ होते आणि ते वॉल्ट्झमध्ये, म्हणजे तीन मात्रांत होते. पहिले ध्वनिमुद्रण के बॅलार्ड यांचे. 1962 मध्ये जो हार्नेल यांनी त्याचा बोसा नोव्हा (ब्राझीलची एक संगीतशैली) केला. सिनात्राने 1964 मध्ये काउंट बेसीच्या बँडबरोबर ते गायले, तेव्हा क्विन्सी जोन्स यांनी ते चार मात्रांच्या स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या ठेक्यात बसवले. पुढे बॉबी वोमॅक यांनी ते सोल शैलीत म्हटले. तरुण वाचकांना तर ते ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेच्या पहिल्या भागात भेटले असेल. सांगायचे एवढेच, की परीक्षणातले ‘मूळ’ हेच मुळात दहा वर्षांनी केलेले आधुनिक संयोजन आहे.

तीनाचे चार करणे म्हणजे दादऱ्यातले गाणे केरव्यात बसवणे. प्रत्येक बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या एका गटात, एक मात्रा वाढते. ती कुठे घालायची, यात अरेंजरची परीक्षा असते. आळशी उपाय म्हणजे ओळीतला शेवटचा स्वर लांबवणे. मग प्रत्येक ओळ संपली की एक भोक पडते आणि गायक श्वास घ्यायला थांबल्यासारखा वाटतो. जोन्स यांनी त्या जागा वाद्यांना दिल्या. सुरुवातीला बँड दबकत वाजतो आणि ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रोम्बोनसारखी पितळी वाद्ये, पुढे हळूहळू चढत जातो. त्यामुळे शब्द ऐकू येतात आणि रिकामी मात्रा रिकामी वाटत नाही. नव्या संयोजनात ब्रास नसेल तर ती जागा सिंथेसायझरने, कोरसने किंवा नुसत्या शांततेने भरता येते. मात्र तसे आधी ठरवलेले असले पाहिजे.

खरी गोम मात्र ठेक्यात नाही, कॉर्डमध्ये, म्हणजे चालीखाली एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहात आहे. सा म्हणजे सी धरा. पहिल्या आठ बारमध्ये दर बारला एक कॉर्ड आहे आणि त्यांचे पाये, म्हणजे कॉर्डचे मूळ स्वर, असे जातात: ध, रे, प, सा, म, नी, ग, ध. दर वेळी चौथ्या स्वरावर उडी, सातही स्वर शिवून पुन्हा ध वर. वरची चाल तर अगदी साधी, सरगमच्या पहिल्या धड्यासारखी: तार सा, नी, ध, प आणि दुसऱ्या बारच्या तोंडाशी म. एवढी साधी चाल 32 बार कंटाळा आणत नाही, कारण खालची जमीन सतत सरकत असते. आता सातवा बार पाहा. तिथे ‘ग’च्या कॉर्डमध्ये कोमल धैवत येतो आणि चालही नेमकी त्याच कोमल धैवतावरून म, ग, रे करत आठव्या बारच्या सा वर उतरते. पहिल्या आठ बारमध्ये सात शुद्ध स्वरांबाहेरचा हा एकच स्वर. गाण्याला जो हलकासा हुरहुरीचा रंग आहे, तो इथून येतो.

हल्लीच्या पॉप संयोजनात चार कॉर्डचे चक्र लावायची सवय आहे: ध, म, सा, प, आणि पुन्हा तेच. हे चक्र या चालीखाली लावले तर पहिले सहा बार चालून जातात, सातव्यात ठेच लागते. तिथे चक्रातली ‘सा’ची कॉर्ड येते, तिच्यात पंचम आहे आणि गायिकेच्या तोंडी कोमल धैवत. अर्ध्या स्वराची टक्कर. स्टुडिओत ती लगेच ऐकू येते, मग गायिकेला सांगतात, ‘तो स्वर जरा खाली घ्या.’ ती पंचम घेते, टक्कर मिटते आणि गाण्यातली एकमेव वळणाची जागा सपाट होते. गायिकेला काही सांगितले नाही, तरी सूर सुधारणारे सॉफ्टवेअर हेच करते. त्यात ‘सी मेजर’, म्हणजे फक्त सात शुद्ध स्वर, निवडलेले असेल तर कोमल धैवत त्याच्या यादीतच नसतो. ते त्याला पंचमाकडे किंवा शुद्ध धैवताकडे ओढते. उपाय अगदी सोपा आहे: बाराही स्वर चालू ठेवावेत, किंवा निदान तेवढी ओळ सॉफ्टवेअरबाहेर ठेवावी. आणि चक्रच हवे असेल तर सातव्या बारला ते मोडून ‘ग’ची कॉर्ड घ्यावी. परीक्षण करणाऱ्याने फक्त हा एक बार कान देऊन ऐकला, तरी अरेंजरला गाणे कळले होते की नाही याचा अंदाज येतो.

खर्जाचेही तसेच. स्विंगमध्ये बासवाला बारमध्ये चार स्वर चालत जातो. आता त्या जागी एकच लांब, घुमणारा सब-बास टाकतात. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर एक बार दोन सेकंदांचा होतो. त्या दोन सेकंदांत बासची घुमार विझली नाही तर पुढच्या कॉर्डचा पाया मागच्यावर चढतो आणि खाली नुसता गदळ राहतो. मोबाइलच्या स्पीकरवर हे कळत नाही, सभागृहात मात्र छातीत कळते.

स्विंगचा झोल हा आणखी एक नाजूक भाग. एका मात्रेचे दोन भाग सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड. संगणकावर हे टक्क्यांत लावतात: 50 म्हणजे सरळ, 66 म्हणजे तीनातले दोन भाग पहिल्याला. 120च्या आसपासच्या लयीला आमच्या मते 60च्या जवळचा आकडा बरा वाटतो. लय वाढली की तो 50कडे सरकवावा लागतो, नाहीतर गाणे लंगडते. आणि ड्रम नेमक्या आकड्यावर बसवल्यावर गायिकेचा आवाजही त्याच चौकटीत कापून बसवू नये. मात्रेच्या किंचित मागे राहून शब्द टाकणे हा या गायकीचा जीव आहे. (टाळीही इथे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. आपल्या सभागृहांत ती समेवर पडते आणि ड्रमर बिचारा हसून घेतो.)

पट्टी बदलताना होणारी चूक तर नेहमीची. पुरुषाच्या पट्टीतले संयोजन गायिकेसाठी चार-पाच अर्धस्वर वर किंवा खाली न्यावे लागते. संगणक ते क्षणात करतो, पण 17 जणांच्या बिग बँडमध्ये लीड ट्रम्पेट आधीच वरच्या टोकाला असतो. पट्टी चढवली की वादकाचे ओठ दुसऱ्या गाण्यापर्यंत टिकत नाहीत. उतरवली की ट्रोम्बोनचे जवळजवळचे स्वर खाली चिकटून चिखल होतो. स्वर पुन्हा वाटूनच द्यावे लागतात. पॉप गायिका लेडी गागा 2019 पासून काही वर्षे लास वेगासच्या कार्यक्रमात हे गाणे बिग बँडबरोबर म्हणत असे. तिथे तिचा आवाज कुठेही ब्रासशी झुंजत नसे, तो आमच्या मते अशा वाटपामुळेच.

हे सगळे काम अरेंजरचे असते आणि आपल्या परीक्षणात त्याचे नावच नाही. मराठी वाचकाला ही व्यक्ती अनोळखी नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे, आणि आपले अनिल मोहिले. हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत शंकर-जयकिशन यांचे अरेंजर सेबॅस्टियन हे ‘सहायक’ म्हणून येत. निदान वृत्तपत्राने तरी ती पद्धत चालू ठेवू नये. गायिका, अरेंजर, ठेका आणि लय, एवढे चार तपशील परीक्षणाच्या शेवटी एका ओळीत मावतात.

आपले,
पाश्चात्त्य संगीताचे दोन शिक्षक, पुणे

ता.क. – या गाण्याला सुरुवातीचे एक प्रस्तावनेचे कडवे आहे, ते बहुतेक गायक गाळतात. नवे काही करायचे असेल, तर ते नुसत्या पियानोवर, ठेक्याशिवाय म्हणून मग बँड उचलावा.