वसईला पाठवायचा दाखला

सांगली, रविवार दुपार

चि. छकुलीस,
प्रभूमध्ये सलाम.

तुझा बाप्तिस्म्याचा दाखला सोबत ठेवला आहे. कॅथलिक मुलाशी ठरलेल्या तुझ्या लग्नासाठी वसईच्या फादरांनी मागितला तसाच, आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शिक्क्यासह. पाळकसाहेबांनी जुनं रजिस्टर काढलं तर तुझ्या नावापुढे आजोबांची, आपल्या अण्णांची, सही. आईनं फोटो काढायला लावला. एक बरं, तुझा बाप्तिस्मा ते पुन्हा करणार नाहीत. पाणी आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचं नाव असलं की तो त्यांनाही चालतो.

फोनवर तू म्हणालीस, "पप्पा, तुमच्या डोक्यात अजून अण्णांच्या काळातली भांडणं आहेत. तिकडे १९९९ सालीच सह्या झाल्या." झाल्या, ठाऊक आहे मला. ३१ ऑक्टोबरला, जर्मनीत आउग्सबुर्गला. माणूस कर्मांनी नव्हे, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे देवापुढे नीतिमान ठरतो, एवढ्यावर लुथरन आणि कॅथलिक एक झाले. लुथरचं रोमशी फाटलं ते याच मुद्द्यावर. २००६ मध्ये मेथडिस्ट त्यात आले. आपल्या रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या, वळणाच्या मंडळ्यांच्या जागतिक संघटनेनं मात्र २०१७ उजाडू दिलं. आपली माणसं घाईनं सही करणारी नव्हेतच! पण बाळा, त्या कागदात प्रभुभोजन, ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणं, नाही. नीतिमान ठरण्यावर एकमत झालं, प्रभुभोजनाचं मेज अजून वेगळंच आहे, त्यांच्या मेजावर आपल्याला घेत नाहीत.

हे लिहायचं नाही असं आईला कबूल करून बसलो होतो.

अण्णांचं तुला अर्धंच माहीत आहे. १९७० च्या आधी घरात रोज वाद. अँग्लिकन, आपण, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स, ब्रिटिश मेथडिस्ट अशा सहा मंडळ्या एक व्हायच्या होत्या. अण्णा म्हणायचे, चर्चचा कारभार बघायला निवडलेले वडील असताना आम्हाला बिशप कशाला? बाप्टिस्टांना लेकराचा बाप्तिस्मा पटेना, शेवटी दोन्ही रीती ठेवल्या. अमेरिकन मेथडिस्ट तर ऐनवेळी बाहेर राहिले. तरी २९ नोव्हेंबरला नागपुरात सी.एन.आय., म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एकत्र मंडळी, उभी राहिली आणि बिशपवर तोंडसुख घेणारे अण्णा तिचेच झाले. का, ते मला माहीत आहे. त्याच्या आधी एकदा पुण्यात मी त्यांच्यासोबत एका अँग्लिकन चर्चला गेलो होतो. प्रभुभोजनाला सगळे उठून पुढे गेले. अण्णांचं बिशपच्या हातून कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा दृढीकरणाचा विधी, झालेलं नव्हतं, म्हणून ते बाकावरच बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "आपलं इथं नाही." परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत एक शब्द नाही. एवढं शास्त्र जाणणारा माणूस!

तू तशी बसशील. एकदा नाही, जन्मभर, दर रविवारी. तो उठून जाईल आणि तू बाकावर. मला त्या मुलाबद्दल काही म्हणायचं नाही. दादा काय म्हणाला ते मनावर घेऊ नकोस, विट्याच्या आत्याचं तर मुळीच नको.

आता कामाचं. त्यांच्याकडे बिशपची परवानगी लागते, ती तोच काढेल. होणारी मुलं कॅथलिक वाढावीत म्हणून होईल ते सगळं करीन, असं वचन त्याला द्यावं लागेल. तुझ्याकडून वचन घेत नाहीत, तुला फक्त कळवतात. कळवलं, तू मान डोलावलीस, संपलं, असं करू नकोस. दोघं बसा आणि लग्नाआधी बोला. विवाहविधी मिस्साशिवाय, म्हणजे प्रभुभोजनाच्या उपासनेशिवाय, करा, अशा लग्नांत त्यांच्याकडेही बहुधा तसाच करतात. निदान त्या दिवशी तरी दोन्हीकडच्या लोकांदेखत एकाला भाकर आणि एकाला नाही, असं नको. शिवाय घरात रोज एकत्र प्रार्थना, एकत्र वचन, आणि...

झालं, माझं उपदेशपर भाषण सुरू. क्षमा कर.

तू त्यांच्या विवाहपूर्व वर्गात उभी राहून "मग मी कुठे बसायचं?" असं विचारलंस म्हणे. जावयानंच सांगितलं. (जावई म्हटलं बघ!) मी ते पंचांच्या बैठकीत दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा आईनं डोळे वटारले. २०१५ मध्ये रोमच्या लुथरन चर्चमध्ये एका बाईनं पोप फ्रान्सिसना हेच विचारलं होतं, नवरा कॅथलिक म्हणून. ते म्हणाले, प्रभूशी बोला आणि पुढे चला, याहून जास्त बोलायला मी धजत नाही. पोपांनाच धजवलं नाही तिथं मी सांगलीत बसून तुला काय सांगणार.

आजीचे वडील साताऱ्यात ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या 'देवाच्या दरबारा'त जाऊन बसत, १९१७ मध्ये तो निघाला तेव्हा. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेलेही ख्रिस्ताचे शिष्य तिथं एकत्र बसत. मिशनच्या लोकांच्या भुवया उंचावल्या असतील. आजी ते अभिमानानं सांगायची, मी मात्र सांगताना कचरतो, कारण दरबार टिळकांमागे फार टिकला नाही.

नाताळात त्याला घेऊन ये. आपल्या मेजावर पाळकसाहेब त्याला अडवणार नाहीत. पण त्याच्या मंडळीचा नियम त्याला अडवेल, तेव्हा तू आग्रह धरू नकोस. तो बाकावर बसला तर मी त्याच्याशेजारी बसेन.

भडंग पाठवतोय, निम्मा त्याच्या आईला दे. दाखला हातात पडला की फोन कर, उपासनेच्या वेळात नको.

तुझे,
पप्पा