कुलवृत्तांतात लेकींच्या शाखाही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या समाधीवरून किंवा थडग्यावरून वाद झाला की ‘डीएनए चाचणी करा, सोक्षमोक्ष लागेल’ असे हल्ली सर्रास म्हटले जाते. मागणी रास्त आहे. पण अस्थींचा डीएनए मिळाला तरी तो ताडून पाहायचा कोणाशी, याचा विचार आपण कोकणवासीयांनी केलेला नाही.

शेजारच्या गोव्यातले उदाहरण घ्या. जॉर्जियाची राणी केतेवान हिचा 1624 मध्ये इराणातील शिराझ येथे वध झाला आणि ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या काही अस्थी जुन्या गोव्यातील आपल्या चर्चमध्ये आणून ठेवल्या. चर्च ढासळले, तरी त्या कोणत्या खिडकीजवळ ठेवल्या याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत राहिली, म्हणूनच पुरातत्त्व खात्याला तिथे शोध घेता आला. सापडलेल्या हाडातील मातृवंशाचा, म्हणजे आईकडून येणारा, डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने तपासला, तेव्हा त्या डीएनएचा गट भारतातील 22 हजारांहून अधिक नमुन्यांत एकदाही आढळला नाही, जॉर्जियातील 30 पैकी दोन नमुन्यांत मात्र आढळला. म्हणजे चाचणीने मुलूख सांगितला. राणीचे नाव कागदांनी सांगितले.

इंग्लंडमध्ये लेस्टरला 2012 मध्ये सापडलेला सांगाडा इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा आहे, हे याहून नेमकेपणाने ठरवता आले, कारण त्याच्या बहिणीपासून लेकीच्या लेकीकडे उतरत आलेली वंशावळ जुळवून दोन हयात वंशज शोधता आले. पुरुषवंशाचे वाय गुणसूत्र मात्र जुळले नाही. मधल्या एखाद्या पिढीत कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे असावेत, असा त्याचा अर्थ.

आता आपल्याकडे पाहू. आमच्या रत्नागिरीच्या किल्ल्यातून 1776 मध्ये सुटलेल्या, स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवणाऱ्या तोतयाने बरेचसे कोकण आपल्या बाजूला वळवले होते. दहनाच्या आगीत डीएनए टिकत नाही, त्यामुळे तो खरा भाऊ होता का, हा प्रश्न आता प्रयोगशाळेत नेता येणार नाही. परंतु जिथे दफन झाले आहे, जिथे संन्याशांच्या समाध्या आहेत, तिथे हा मार्ग खुला आहे, आणि तिथे आपली अडचण वेगळीच आहे. मातृवंशाचा डीएनए आईकडून मुलामुलींना मिळतो, पण पुढे जातो तो फक्त मुलीकडून. कुलवृत्तांत छापण्याची एवढी जुनी हौस असलेल्या आपल्या कोकणात मुलीपुढे सासरचे आडनाव लिहिले की तिची शाखा तिथेच संपते. माझ्या पणजीचे माहेर आमच्या कुलवृत्तांतात दोन शब्दांत आहे. तिच्या आईचे नाव मी तीन गावांत विचारत फिरलो, कोणालाही सांगता आले नाही. या गोष्टीची मला खंत वाटते.

ज्या घराण्यांत नव्या आवृत्तीचे काम चालू आहे, त्यांनी सासुरवाशिणींच्या माहेरची, त्यांच्या आईची व आजीची नावे आणि लेकींच्या लेकींची नोंद गावासह करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. घरातील ऐंशी-नव्वदीच्या बायकांना हे अजून तोंडपाठ आहे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी