पुंटलँडच्या अध्यक्षांना खुले पत्र : त्या सहासष्ट जणांना कोण निवडणार?

प्रति,
माननीय सईद अब्दुल्लाही देनी,
अध्यक्ष, पुंटलँड राज्य,
मुक्काम गरोवे, सोमालिया.

स.न.वि.वि.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदराचा. आजा आणि बाप मचव्यावर दर्यात गेले. मी बोटीच्या इंजिनरूममध्ये उतरलो आणि सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली. आता घरी असतो. तुमची माझी ओळख नाही, पण तुमचा किनारा माझ्या चांगला ओळखीचा आहे.

२००९ ते २०१२ या काळात त्या किनाऱ्यासमोरून केलेली प्रत्येक फेरी आठवली की अजून अंगावर काटा येतो. एडनच्या आखातात शिरण्याआधी आम्ही कठड्याला रेझर वायर गुंडाळायचो, फायर होज बाहेरच्या बाजूला तोंड करून बांधायचो. जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून माणसाएवढी बुजगावणी करायचो आणि पहाऱ्यावर माणसं आहेत असं वाटावं म्हणून ती डेकवर उभी करायचो. रात्री बाहेर एक दिवा दिसू द्यायचा नाही. शेवटचा आसरा म्हणजे स्टीअरिंग गिअर रूम. तिथे पाण्याचे कॅन, बिस्किटं आणि सॅटेलाइट फोन ठेवलेला असायचा. चाचे चढलेच तर आत शिरून दार लावायचं आणि नौदल येईपर्यंत श्वास रोखून बसायचं. चाच्यांचा अड्डा म्हणून गाजलेल्या तुमच्या एयल गावाचं नाव आमच्या मेसमध्ये कुणी मोठ्याने घेत नसे.

तरीही हे पत्र तक्रारीचं नाही. २९ मार्च २०१० रोजी 'आइसबर्ग १' हे जहाज चोवीस जणांसकट पळवलं गेलं, त्यात आमचे भारतीय खलाशीही होते. जवळजवळ एक हजार दिवस ते तुमच्या किनाऱ्यावर अडकून पडले. एकाने जीव दिला. जहाजाचा भारतीय चीफ ऑफिसर परत आलाच नाही. उरलेल्या बावीस जणांना २३ डिसेंबर २०१२ रोजी सोडवलं ते कुठल्या बड्या देशाच्या नौदलाने नाही, पुंटलँडच्या सागरी पोलिसांनी. ही गोष्ट आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. तुमच्या राज्याचं हे ऋण मी दर्यावर्दी म्हणून मानतो आणि त्याच नात्याने पुढचं लिहितो.

आमच्याकडच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. १९९१ मध्ये सोमालियाचं सरकार कोसळलं, देशाची शकलं झाली. शेजारच्या सोमालीलँडने स्वतःला वेगळा देश म्हणून जाहीर केलं. तुमच्या वडीलधाऱ्यांनी तसं केलं नाही. १ ऑगस्ट १९९८ रोजी गरोवेत, आताच्या तुमच्या राजधानीत, त्यांनी पुंटलँड उभं केलं ते सोमालियातलंच एक स्वायत्त राज्य म्हणून. त्याला स्वतःचा अध्यक्ष, संसद, पोलीस आणि पुढे स्वतःची घटनाही मिळाली. घर पेटलेलं असताना आपली खोली सांभाळायची, पण घराचं नाव टाकायचं नाही, या निर्णयाबद्दल मला फार आदर आहे.

अध्यक्ष निवडण्याची रीतही बरीच जुनी. जमातींचे प्रमुख सहासष्ट प्रतिनिधी पाठवतात आणि ते सहासष्ट जण गरोवेच्या सभागृहात बसून अध्यक्ष निवडतात. त्यात स्त्रिया नावापुरत्याच. युद्धातून बाहेर पडलेल्या समाजात बंदुका खाली ठेवायच्या तर प्रत्येक जमातीला आपला माणूस आत बसलेला दिसावा लागतो, हे मला समजतं. तुमच्या राज्यात दर पाच वर्षांनी खुर्चीवरचा माणूस हरला की उठून घरी गेला, हेही मी पाहत आलो. आफ्रिकेत आणि आमच्या आशियातही कित्येक मोठ्या देशांना ते जमलेलं नाही. तुम्हीही २०१९ मध्ये याच सभागृहात ३५ विरुद्ध ३१ मतांनी निवडून आलात.

ही रीत बाहेर राहिलेल्या माणसाला कशी वाटते, ते मला २०१४ च्या मे महिन्यात तुमच्या बोसासो बंदराच्या धक्क्यावर कळलं. आम्ही तांदूळ आणि साखर उतरवत होतो. पलीकडच्या बोटीवर बकऱ्या चढत होत्या, पाठीवर लाल-निळ्या रंगाचे पट्टे मारलेल्या, एकीच्या मागे एक. आमच्या गोण्या मोजायला तिशीतला एक टॅली क्लार्क होता. सही करताना त्याची नजर माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीवर गेली. एप्रिलमध्ये लोकसभेला मत देऊन मी जहाजावर रुजू झालो होतो. नखाच्या मुळाशी लागलेली काळी रेघ नखाबरोबर वर सरकत आली होती. तेलाने हात भाजला की काय, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, मताची शाई आहे. त्याने माझं बोट धरून उन्हात फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "आमचा अध्यक्ष आत्ता जानेवारीत झाला. तेहतीस विरुद्ध बत्तीस. एका मताने. आम्ही सगळ्यांनी रेडिओवर ऐकलं." थोडं थांबून म्हणाला, "माझ्या बापानेही नुसतं ऐकलंच होतं. मी पण नुसतं ऐकलंच."

साहेब, मी तेव्हा काही बोललो नाही, कारण काय बोलावं ते सुचलं नाही. पण तुमच्या देशात लोकांनी थेट मत दिलेली शेवटची बहुपक्षीय सार्वत्रिक निवडणूक १९६९ ची, हे मला नंतर कळलं, तेव्हा त्या माणसाने माझं बोट का धरून ठेवलं होतं त्याचा उलगडा झाला.

तुम्ही प्रयत्न केला नाहीत असं मी मुळीच म्हणणार नाही. २०२१ मध्ये तीन ठिकाणी, त्यात एयलही होतं, लोकांनी रांगेत उभं राहून नगरपरिषदेसाठी मत दिलं. ज्या गावाचं नाव आम्ही दबकून घ्यायचो तिथे मतपेटी ठेवली गेली! तो फोटो पाहून मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. २५ मे २०२३ रोजी तीस जिल्ह्यांत मतदान झालं. आणि महिनाही उलटला नाही तोच, २० जून रोजी, पुंटलँडच्या घटनेतल्या बदलांवरून गरोवेच्या रस्त्यांवर गोळ्या चालल्या, वीसहून अधिक माणसं गेली. डिसेंबरात जुन्या रीतीवर तडजोड झाली आणि ८ जानेवारी २०२४ रोजी त्याच सभागृहात, त्याच सहासष्ट जणांच्या पद्धतीने तुम्ही ४५ मतांनी पुन्हा अध्यक्ष झालात.

विरोधकांना भीती होती ती थेट मतदानाची नव्हती, असं मला वाटतं. जो निवडणुकीला उभा आहे तोच नियम लिहितो, तोच निवडणूक आयोग नेमतो आणि मुदत संपत आली असतानाच हे सगळं करतो, ही ती भीती होती. आमच्या गावच्या सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा याच कारणावरून डोकी फुटली आहेत.

आता मुख्य मुद्दा. ३१ मार्च २०२४ रोजी तुमच्या सरकारने जाहीर केलं की मोगादिशूच्या, म्हणजे सोमालियाच्या केंद्रीय संसदेने देशाच्या घटनेत केलेले बदल मान्य नाहीत आणि जोवर त्यावर जनतेचा कौल घेतला जात नाही तोवर पुंटलँड आपला कारभार स्वतंत्रपणे चालवेल. बरोबर बोललात. लोकांना न विचारता लोकांची घटना बदलता येत नाही. पण हेच माप गरोवेतही लावा. बोसासोच्या त्या क्लार्कला मोगादिशूच्या घटनेवर मत हवं, असं तुम्ही स्वतः म्हणता. मग स्वतःच्या राज्याचा कारभार कुणाच्या हाती द्यायचा, यावरही त्याचं मत असायला हवं. अध्यक्ष सभागृहानेच निवडायचा असेल तर तसं राहू द्या, पण निदान ते सहासष्ट जण तरी लोकांनी निवडलेले असू देत.

मी यात का पडतो? कारण चाचेगिरी कुठून उगवते ते आम्हा कोकणातल्या लोकांना सांगावं लागत नाही. आमच्या समोर परराज्यातले मोठे ट्रॉलर येतात, रात्री एलईडीचे दिवे सोडून मासळी ओढून नेतात, आणि पहाटे आमचा तांडेल रिकामं जाळं घेऊन परततो. डिझेलचे पैसेसुद्धा सुटत नाहीत. राग येतो, भयंकर राग येतो. तो राग घेऊन तो मत्स्य खात्यात जातो, आमदाराच्या दारात बसतो, पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ म्हणतो. काम होतंच असं नाही, पण दार असतं. तुमच्या किनाऱ्यावरही परदेशी बोटी अशाच मासे ओरबाडून नेतात, वर परवाना गरोवेचा की मोगादिशूचा हा घोळ आहेच. एयलच्या मच्छीमाराने मात्र कुणाच्या दारात बसायचं? जमातीचा प्रमुख ऐकेल तर ऐकेल. बंदूक हातात घेणाऱ्याचं मी समर्थन करत नाही, तिच्यासमोरून मी गेलो आहे. पण तरण्या पोराला बंदूकवाल्याने बोलावलं, तर नाही म्हणायला त्याच्या हातात दुसरं काहीतरी असायला हवं.

आणि ही पोरं आमच्याकडे येऊन पोचतात. मार्च २०२४ मध्ये आमच्या नौदलाने सोमाली चाच्यांनी पळवलेल्या 'रुएन' जहाजावरून पस्तीस जणांना पकडलं. २३ मार्चला 'आयएनएस कोलकाता' त्यांना घेऊन मुंबईत आली, तेव्हा टीव्हीवर ती रांग मी पाहिली. हाडकुळी, उन्हाने करपलेली, कित्येकांच्या पायात काही नाही. गुन्हा केला असेल तर शिक्षा व्हावी, पळवलेल्या खलाशांच्या बाजूनेच मी बोलेन. पण ती तुमच्या किनाऱ्यावरून आलेली माणसं आहेत. तुमच्या सरकारने त्यांची नीट चौकशी करावी, त्यांच्या आयांना त्यांची खबर पोचवावी, ही विनंती.

तुमची मुदत पाच वर्षांची आहे. शेवटच्या सहा महिन्यांत घाईने काही करू नका. आत्ताच, खुर्ची स्थिर असताना, मतदानाची तारीख जाहीर करा. आयोगावर विरोधकांना मान्य असतील अशी माणसं नेमा. २०२३ ची मतदार यादी आहेच, ती गरोवेसह जिथे मतदान होऊ शकलं नाही तिथे पूर्ण करा. जमातींच्या प्रमुखांना बाजूला सारू नका. जून २०२३ नंतर तडजोड त्यांनीच घडवली, पुढेही तेच सांभाळून नेतील.

माझ्या बोटावर होती ती शाई आमच्या म्हैसूरला बनते आणि कित्येक देशांत जाते. बोसासोचा तो क्लार्क आता चाळिशी ओलांडून गेला असेल. त्याने बोट सोडताना विचारलं होतं, "ही पुसायला किती दिवस लागतात?" मी म्हटलं, नख वाढेपर्यंत राहते. तो म्हणाला, "मग मी घरी जाऊन सगळ्यांना दाखवली असती."

आपला विश्वासू,
हर्णै बंदरातला एक निवृत्त सेकंड इंजिनियर