२.३०३ कुठून आलं ते समजावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

बारावीत आमच्या दप्तरात दोन वेगवेगळे लॉग होते. गणितात १/क्ष चं इंटिग्रेशन लॉग क्ष, तिथे पाया ई, म्हणजे २.७१८२८… रसायनशास्त्रात पीएच, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी ते, काढताना शब्द तोच, पाया मात्र १०. शिवाय फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शनच्या (जिचा वेग उरलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असतो) सूत्रात २.३०३ हा आकडा. पाठ करा, मार्क मिळतील, एवढंच क्लासमध्ये ऐकलं होतं. तुमचा विषय गणित, तरी तास संपल्यावर थांबून तुम्ही तो आकडा उलगडून दाखवलात. त्यासाठी हे पत्र.

लॉग म्हणजे घातांक, इथून तुम्ही सुरुवात केलीत. पायाचा कितवा घात केला की ही संख्या मिळते, इतकाच प्रश्न. पाया बदलला की उत्तरं बदलतात, पण सगळी एकाच पटीत. तेच अंतर मैलात मोजा नाहीतर किलोमीटरात. दहाच्या पायावरून ई वर येताना ती पट २.३०३, कारण ई चा साधारण २.३०३ वा घात म्हणजे १०. मग लॉग टेबलमधून २ चा लॉग काढायला लावलात: ०.३०१०. त्याला २.३०३ ने गुणलं तर आलं ०.६९३. हाफ-लाइफच्या, म्हणजे पदार्थ निम्मा व्हायला लागणाऱ्या वेळेच्या, सूत्रातला, तसाच पाठ केलेला दुसरा आकडा! त्या दिवशी मला गणित फार सुंदर वाटलं, बाई.

मग दहाचा पाया हवाच कशाला, हेही तुम्ही सांगितलंत. २ चा लॉग ०.३०१०, २० चा १.३०१०, २०० चा २.३०१०. दशांश चिन्ह सरकलं की फक्त पुढचा पूर्णांक बदलतो, म्हणून टेबल दोन-चार पानांत मावतं. लॉगची कल्पना मांडणाऱ्या जॉन नेपिअरचं पुस्तक १६१४ साली आलं, त्यात ही सोय नव्हती. गणिताचा प्राध्यापक हेन्री ब्रिग्ज १६१५ मध्ये लंडनहून एडिनबर्गला जाऊन त्याला भेटला आणि १६१७ मध्ये पहिल्या हजार संख्यांचे दहाच्या पायाचे लॉग त्यानं छापले. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. म्हणजे त्याच्या कष्टांवर आम्ही अजून पेपर सोडवतो.

ई ची गरज कॅल्क्युलसमध्ये. दहाच्या पायाचा लॉग डिफरन्शिएट केला तर १/क्ष ला ०.४३४३ हा गुणक चिकटतो. ई घेतला की नुसतं १/क्ष उरतं. आणि ०.४३४३ म्हणजे पुन्हा १ भागिले २.३०३. पाया १ का चालत नाही, ते तुम्ही एका ओळीत संपवलंत: एकाचा कितवाही घात एकच.

आता बी. फार्म.ला रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ काढताना हेच सगळं येतं. काही आलेख दहाच्या लॉगवर असतात, काही ई च्या. मी आधी पाया बघते. दहाचा असेल तर उताराला २.३०३ ने गुणते. मैत्रिणी विचारतात, हे कुठे शिकलीस? मी तुमचं नाव सांगते.

मनापासून आभार, बाई.

तुमची विद्यार्थिनी