नाव कमी करण्याचा अर्ज

मुलुंड, ९ जुलै

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

एकाच शहरात राहून पत्र कसलं पाठवतेस, असं बाबा म्हणतीलच. रविवारी मुलुंडहून गोरेगावला यायला असा किती वेळ लागतो! पण मी आले की आधी चहा, मग दोघांच्या गोळ्या, मग सोसायटीच्या पुनर्विकासाचं भांडण, आणि निघताना आईचा डबा. बोलायचं ते राहून जातं. २०१८ पासून राहतंय. म्हणून लिहायला बसले.

सोबत एक फॉर्म आहे. रेशनकार्डातून नाव कमी करण्याचा. त्यावर आईची सही हवी आहे. बाबा, तुमची चालणार नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यापासून रेशनकार्डापुरती घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख. नवीन कार्ड आलं तेव्हा तुम्ही आठवडाभर आईला ‘प्रमुख, चहा मिळेल का?’ म्हणत होतात.

नाव माझं कमी करायचंय. कशासाठी, ते सांगते.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी कुठे जाते हे तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही ‘काम आहे’ यापलीकडे बोलले नाही. आमचा एक गट आहे, बारा-तेरा जणांचा. गे मुलं आहेत, माझ्यासारख्या लेस्बियन बायका आहेत, दोघं-तिघं बायसेक्शुअल आहेत. (त्यातल्या भांडुपच्या पोराची तर दोन्हीकडून मारामार. घरचे म्हणतात मुलगी आवडते ना, मग झालं की. आमच्यातलेच काही म्हणतात, एकदाचं काय ते ठरव.) गटाला नाव नाही, नोंदणी नाही. एक वाचनालयाचा हॉल मिळाला होता, पण पत्रक बघितल्यावर त्यांना अचानक रंगकाम काढायचं आठवलं. तेव्हापासून कुणाच्या तरी घरी जमतो. मोठी कामं मोठ्या संस्था करतातच. वाकोल्याचा हमसफर ट्रस्ट १९९४ पासून उभा आहे. मोर्चेही निघतात. २००८ च्या ऑगस्टमध्ये ऑगस्ट क्रांती मैदानातून गिरगाव चौपाटीला पहिला मोठा मोर्चा निघाला, त्यात मी होते. म्हणजे फुटपाथवरून, मोर्च्याच्या बाजूबाजूने, बघ्यांपैकी एक असल्यासारखी चालत होते. घरी लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं होतं.

आम्ही कागदांचं काम करतो. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने आमच्यासारख्यांना लग्नाचा हक्क नाकारला, ते बाबांनी वाचलं असणार. पण त्याच खटल्यात सरकारने कॅबिनेट सचिवांची समिती नेमायचं कबूल केलं होतं. ती २०२४ मध्ये नेमली गेली आणि त्यातून दोन-तीन कामाची पत्रं निघाली. ती कुणाला माहीत नाहीत. बँकेत माहीत नाहीत, रेशन ऑफिसात माहीत नाहीत, आणि ज्यांच्यासाठी काढली त्यांनाही माहीत नाहीत. ती छापायची, सोप्या मराठीत समजवायची, आणि कुणी एकटं जायला घाबरत असेल तर सोबत जायचं, एवढाच आमचा उद्योग.

बाबा, जॉइंट खात्याचं तुम्हाला सांगायला नको. नातं लागतच नाही, दोन मित्रांचंही निघतं, नॉमिनी कुणीही चालतो. तरी आमच्यातल्या एका जोडीला शाखेत सांगितलं, नवरा-बायको किंवा रक्ताचं नातं दाखवा. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये लेखी खुलासा केलाय की आमच्यासारख्यांना जॉइंट खातं काढायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. रिझर्व्ह बँकेनेही बँकांना तसं कळवलं. तुमचंच म्हणणं आठवलं, सर्क्युलर हेड ऑफिसातून निघतं पण काउंटरपर्यंत चालत येत नाही. आम्ही ते हातात घेऊन गेलो. ऑफिसरने दोनदा वाचलं, वर फोन लावला, आणि खातं निघालं. चहाही पाजला.

रेशनचं इतकं सरळ गेलं नाही. केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलंय की असे जोडीदार रेशनकार्डासाठी एकाच कुटुंबातले धरावेत. म्हणून मी आणि शर्वरी गेल्या महिन्यात शिधावाटप कार्यालयात गेलो. आम्हाला गहू-तांदूळ नकोत, दोघींची नावं एकत्र असलेला एक सरकारी कागद हवाय. दरवेळी घर बदलताना दोघींचे वेगवेगळे कागद दाखवून मी कंटाळले. शर्वरी दोन वर्षांनी मोठी, म्हणून कुटुंबप्रमुख ती. दुसऱ्या ओळीत माझं नाव आणि पुढे रकाना, ‘कुटुंबप्रमुखाशी नाते’. मी ‘जोडीदार’ लिहिलं. खिडकीपलीकडच्या बाई पन्नाशीच्या, चष्म्याला साखळी. त्यांनी वाचलं, मला बघितलं, शर्वरीला बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “अगं, मावसबहीण लिही ना. काम होऊन जाईल.”

वाईट नव्हत्या त्या. त्यांच्या परीने मदतच करत होत्या. आई, तूसुद्धा शेजारच्या काकूंना मावसबहीणच सांगितलंयस ना? शर्वरीला माहीत आहे ते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “नऊ वर्षं फुकटात मावसबहीण आहे, आज निदान त्याचं कार्ड तरी मिळालं असतं.” आणि मग आम्ही दोघी जिन्यात उभ्या राहून वेड्यासारख्या हसलो.

फॉर्म मात्र मी परत घेतला. कारण त्या बाईंनी पुढे विचारलं, आधीच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला कुठेय? शर्वरीकडे होता. तिच्या भावाने २०१९ मध्ये रागाने तिचं नाव कापून घेतलं होतं, तो कागद आता कामाला आला. माझ्याकडे नव्हता.

घोडं इथेच अडतं. आमच्या ओळखीतल्या अकरा जणांना असं कार्ड हवंय. त्यातले सात जण या दाखल्यापाशी थांबलेत. कारण त्यासाठी घरी जाऊन कुटुंबप्रमुखाची सही मागावी लागते, आणि कुटुंबप्रमुख विचारतो, का? दिल्लीचं पत्र घेऊन आम्ही कुठल्याही साहेबापुढे उभे राहतो. आईसमोर ते कसं ठेवायचं याची तयारी आमच्यातल्या कुणाची नाही. मागच्या बैठकीला एका बावीस वर्षांच्या मुलीला मी छान समजावत होते, घरी असं बोल, तसं बोल. तिने शांतपणे विचारलं, “ताई, तुमचं झालं का?” मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. खोटं बोलले. नाव कमी करण्याचा फॉर्म तेव्हा नुसता माझ्या पर्समध्ये पडून होता.

आई, मला ताईचं नाव कमी केलेलं आठवतं. लग्नानंतर महिन्याभरात तू रेशन ऑफिसात गेली होतीस, येताना पेढे आणलेस. आणि मग दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कार्ड उघडून बराच वेळ बघत होतीस. ताईच्या नावावर लाल शाईची रेघ होती, पट्टी न लावता मारलेली, तिरकी. मी विचारलं काय झालं, तर म्हणालीस, काही नाही, आता साखर कमी येईल.

६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल लागला, आमच्यासारख्यांचे संबंध गुन्हा नाहीत म्हणून, त्या संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि तू विचारलंस, जेवलीस का? त्याचा मला राग नाही. आता थोडासुद्धा नाही, तेव्हा होता. पण मी आशीर्वाद मागत नाहीये, हे कळावं म्हणून फॉर्म पाठवतेय. सही मागतेय. १९७२ च्या महागाईत मृणालताई गोऱ्यांच्या मोर्च्यात अठराव्या वर्षी लाटणं घेऊन गेल्याचं तू अजून सांगतेस. आजी नको म्हणत होती तरी गेलीस, आणि ते लाटणं नंतर पोळ्यांनाच वापरलंत. तेव्हा मोर्चा, सरकारी कचेरी, अर्ज हे तुला नवीन नाही.

बाबा, तुमच्यासाठीही काम आहे. बँक खात्याचं आमचं पत्रक सोबत ठेवलंय. भाषा भलतीच पुस्तकी झालीय आणि ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ला (दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो खातं चालवेल, ते) मराठीत काय लिहावं यावर आम्ही एक अख्खा शनिवार घालवलाय. लाल पेनाने काय हवं ते कापा. खाली तुमचं नाव येणार नाही, काळजी नको.

आई, सही कार्डावर आहे तशीच कर, पूर्ण नाव, मराठीत. मागच्या वेळी पेन्शनच्या फॉर्मवर आडनाव विसरलीस आणि तीन खेपा झाल्या. मूळ कार्डही लागेल, ते लोखंडी कपाटात एलआयसीच्या पिशवीखाली आहे. कारण लिहायचा रकाना मी मुद्दाम कोरा ठेवलाय. ताईच्या वेळी तू ‘विवाह’ लिहिलं होतंस. माझ्या वेळी काय लिहायचं ते तू ठरव. ‘स्थलांतर’ लिहिलंस तरी काम होतं, मी विचारून घेतलंय.

रविवारी घ्यायला येते. शर्वरीही येईल. तिला शेपू चालत नाही, बाकी काहीही कर.

तुमची,
मनू